सुईने पाडलेलं भोक

खूप खूप मागची गोष्ट. एका राज्यात, नदीकाठच्या गावात, पत्र्याचे दिवे करणारा एक कारागीर राहत होता. हाताने हुशार आणि डोक्याने हट्टी. पोरांनो, तुम्ही ऐकाच. पण खरं सांगू, ही गोष्ट तुमच्या मागे बसलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे.

त्याला एकच लेक. तिने नदीपलीकडच्या नावाड्याशी आपल्या मनाने लग्न केलं. बापाचं डोकं फिरलं. भर चावडीवर त्याने शपथ घेतली, "ती माझा उंबरा ओलांडणार नाही, आणि माझ्या घरातलं कुणी तिचं तोंड बघणार नाही!" त्या दिवसापासून रस्त्याकडची खिडकीही त्याने बंद केली.

त्या गावात चावडीवरची शपथ मोडणाऱ्याला पंगतीत सगळ्यांच्या शेवटी बसवत. बस्स, एवढीच शिक्षा! पण कारागिराला तिचीच भारी धास्ती.

पुढे त्याची बायको अंथरुणाला खिळली. वैद्याने आशा सोडली. ती म्हणाली, "अहो, मला दुसरं काही नको. एकदा पोरीला बघू द्या."

कारागिराला एक युक्ती सुचली, आणि स्वतःच्या अकलेवर तो फार खूश झाला.

त्याने एक लाकडी पेटी घेऊन आतून काजळी फासली. पुढे पातळ पत्रा ठोकला आणि त्याला सुईने बारीक भोक पाडलं. मागे तेल लावलेला पातळ कागद ताणून बसवला. खिडकी जराशी उघडून पेटी तिथे ठेवली, भोक रस्त्याकडे आणि कागद बायकोकडे. उरलेल्या फटी चिंध्यांनी बुजवून खोलीत अंधार केला. मग लेकीला निरोप धाडला.

लेक धावत आली. "आबा, दार उघडा!"

"तिथेच कुंपणापाशी उन्हात उभी राहा," तो आतून ओरडला.

आणि कागदावर लेक उमटली. बोटाएवढी, लुगड्याच्या रंगासकट, पण उलटी. पाय वर, डोकं खाली.

"अहो, ही उलटी का?"

"अगं, उजेड सरळ रेघेत चालतो. डोक्याकडचा उजेड भोकातून खाली उतरतो, पायाकडचा वर चढतो. पण दिसली ना? शपथही मोडली नाही! हे काही तिचं तोंड नव्हे, नुसता उजेड आहे."

बायको डोळे ताणून बघत राहिली. "फार अंधुक आहे हो. डोळे दिसत नाहीत तिचे."

"थांब." त्याने खिळ्याने भोक मोठं केलं. उजेड वाढला खरा, पण आता तो कागदावर पसरून एकमेकांत मिसळला. नाक कुठलं, कपाळ कुठलं, काही कळेना.

"अगंबाई, होती तीही गेली!" तिला रडू आलं.

त्याने नवा पत्रा लावून पुन्हा बारीक भोक पाडलं. लेक पुन्हा रेखीव झाली, आणि पुन्हा अंधुक. बाहेर ती बिचारी उन्हात उभीच होती.

"जवळ आली तर मोठी दिसेल का?"

"दिसेल की. जितकी जवळ, तितकी मोठी."

"मग येऊ द्या ना जवळ. इथे, माझ्या उशाशी." तिने त्याचा हात धरला. "अहो, दार उघडा. बसवतील पंगतीत शेवटी, बसू की आपण. मी बसेन तुमच्याशेजारी."

त्याचा हात कडीकडे गेला. मग त्याला गावाचं हसू आठवलं. मेल्याला तेवढंच आठवलं!

"जरा दम धर. भोक आणखी नीट करतो," म्हणत तो पाठ करून दुसरा पत्रा घासायला बसला.

ढग आला तसा कागद काळा पडला. ऊन परतलं तशी लेक पुन्हा उमटली. "बघ, आता कशी छान आली!" तो म्हणाला. बायको बोलली नाही. तिचे डोळे कागदाकडे उघडेच होते, पण ती गेली होती.

तिरडी न्यायला दार उघडावंच लागलं. लेक आत शिरली आणि आईच्या पायांवर कोसळली. बापाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. शपथ मोडली ती मोडलीच, आणि तेराव्याच्या पंगतीत गावाने त्याला शेवटी बसवलं. शेजारी कुणी नव्हतं.

पुढे तो रोज त्या पेटीसमोर बसायचा. कागदावर उलटं कुंपण दिसायचं, लेक मात्र पुन्हा कधी आली नाही. पेटी काही साठवून ठेवत नाही, समोर असेल तेवढंच दाखवते.

म्हणून सांगतो, जिथे दार उघडायला हवं तिथे भोक पाडून भागवू नये.