दिगंबरकाकांचा व्हिडिओ कॉल

जठारांच्या घरात दिगंबरकाकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, मग ती वाकडी का असेना. शाल्मलीला जर्मनीत नर्सची नोकरी मिळत होती, पण आधी जर्मनची तोंडी परीक्षा पार करायची होती. त्यासाठी तिला ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई हव्या होत्या. बाबा नेहमीसारखे म्हणाले, "दादाला विचार."

दादा, म्हणजे दिगंबरकाका, कडाडले, "बाई कशाला? मोबाइलमध्ये अ‍ॅप घे! मी त्यावरच जर्मन शिकतोय, रोज शाबासकी मिळते. शब्द आहेत, वाक्यं आहेत, उच्चार आहेत. आणखी काय हवं?"

शाल्मलीने ते शब्द नीट लक्षात ठेवले.

रविवारी काकांच्या मुलासाठी, निनादसाठी, कॅनडातली मुलगी व्हिडिओ कॉलवर बघायची होती. काका कोट चढवून फोनपुढे बसले. शाल्मलीने त्यांच्यापुढचा फोनच काढून घेतला.

"कॉल कशाला, काका? लग्नाच्या अ‍ॅपवर मुलीचा फोटो आहे, शिक्षण आहे, आवडीनिवडी आहेत. आणखी काय हवं? होकार कळवून टाकते."

"डोकं फिरलं का तुझं?" काका ताडकन उठले. "बोलल्याशिवाय माणूस कळतो होय? आपण काही विचारावं, तिने उलट विचारावं, कुणी अडखळावं, तेव्हा कुठे जमतं!"

"माझ्या परीक्षेतही समोर माणूसच बसणार आहे, काका. आणि तो उलट विचारणार आहे. तुमचं अ‍ॅप विचारतं का?"

निनाद फिस्सकन हसला. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग पुतणीकडे.

"आण तो फोन इकडे," ते गुरगुरले. "आधी मला सून बघू दे, मग फोन लाव तुझ्या जर्मनच्या बाईंना."