भिवराबाईचा घाणा

तांबुळगावात जेव्हा घाण्यावरच तेल निघायचं, त्या काळची ही हकिकत. गावात एकच घाणा होता आणि तो चालवायची भिवराबाई तेलीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. घाणा, पाखऱ्या नावाचा बैल आणि ती, एवढाच तिचा संसार. तिला अक्षरओळख नव्हती.

घाण्याला एक आडवी फळी असते, बैल ती ओढत गोल फिरतो. तिच्यावर वजन ठेवलं की तीळ नीट दाबले जातात. एके दिवशी भिवराबाईचा वजनाचा दगड फुटला. समोरून कुंभाराची अंजिरा चालली होती. ही पोर तिसरीत दोनदा नापास झालेली. वर्गात वाचायला उभं केलं की शब्द चुकायचा, आणि शब्द चुकला की छडी बसायची.

"अंजिरे, जरा फळीवर बस गं," भिवराबाई म्हणाली. "पण हलू नको. तू हललीस की बैल बिचकतो."

अंजिरा बसली, पण दोन फेऱ्यांत चुळबुळायला लागली. भिवराबाईनं पेंड बांधून द्यायला तालुक्याहून रद्दीचं पोतं आणलं होतं. त्यातलं एक पुस्तक काढून तिनं पोरीच्या हातात दिलं. "हे धर. चित्रं बघ."

त्यात चित्रं नव्हती. एका खलाशाची गोष्ट होती, आणि सुरुवातीची पंधरा पानं फाटलेली होती. अंजिरा एकेक अक्षर लावत वाचू लागली. चुकली, पुन्हा मागं गेली. कुणी काही म्हणालं नाही. तीळ संपले, घाणा थांबला, बैल सुटला, तरी ती फळीवरच बसलेली.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता आली. मग तिची भावंडं आली, मग शाळेतली निम्मी पोरं. शाळा सुटली की घाण्यापाशी रांग लागायची. एक पोर फळीवर, बाकीची भिंतीला टेकून, पेंडीच्या ढिगावर, जागा मिळेल तिथं. त्या पोत्यात राजांच्या गोष्टी होत्या, चोरांच्या होत्या, भुतांच्याही होत्या. काय वाचलं, किती वाचलं, हे भिवराबाईनं कधी विचारलं नाही. तिला वाचताच येत नव्हतं, ती विचारणार तरी काय?

असं म्हणतात की पाखऱ्याही ऐकायचा. गोष्टीत लढाई आली की त्याची चाल वाढायची, आणि कुणी मेलं की तो पाऊल हळू टाकायचा. त्या तेलाला कधी खवट वास आला नाही, असंही म्हणतात.

हे दत्तोपंत गुरुजींच्या कानावर गेलं. माणूस वाईट नव्हता. पण महिन्याभरात शाळेची तपासणी होती आणि पोरं भुतांच्या गोष्टी वाचत होती. त्यांनी पोतं उचलून शाळेच्या कपाटात ठेवलं. मग म्हणाले, "वाचायचंच असेल तर रीतसर वाचा. प्रत्येकाला एक पुस्तक देतो. उद्या पाच प्रश्न विचारीन."

चार दिवसांत सगळी पुस्तकं परत आली. घाण्याकडे कुणी फिरकेना. भिवराबाईनं फळीवर नवा दगड ठेवला, तर पाखऱ्या दोन पावलं चालला आणि खाली बसला. ओढला, चुचकारला, गूळ दिला, तरी उठला नाही. आठ दिवस गावात तेल नव्हतं. कोरड्या भाज्या खाऊन लोक वैतागले.

तेव्हा भिवराबाई शाळेत गेली.

"गुर्जी, पोरांची पुस्तकं द्या."

"मी बंदी कुठं केली? उलट वाचायलाच दिली होती."

"तुमी जेवायला बसला, आन् मागं उभं राहून कुणी घास मोजाय लागलं, तर गळ्याखाली उतरंल का?"

गुरुजी वर्गाकडे वळले. "अंजिरा, तू सांग. का वाचत नाहीस?"

अंजिरा उभी राहिली. "गुरुजी, आता पान उलटलं की तुमचा प्रश्न कुठं असेल तेच शोधत बसते. गोष्ट दिसतच नाही."

गुरुजींनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण विचारलं नाही तर पोरं वाचतात हे मला कळणार कसं?"

"बैल फिरतोय का बघा," भिवराबाई म्हणाली.

त्या दुपारी दत्तोपंत गुरुजी पोतं स्वतःच्या डोक्यावर घेऊन भर बाजारातून घाण्यापर्यंत चालत आले. पोरं मागोमाग आली. अंजिरा फळीवर बसली, तिनं पुस्तक उघडलं आणि पाखऱ्या आपला आपण उठला.

पुढं तपासणी झाली. साहेबांनी पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं आणि कुणीही वाचा म्हणाले. अंजिरा वाचू लागली. साहेब "पुरे" म्हणाले, तरी ती थांबेना. "साहेब, पुढं काय झालं तेवढं बघू द्या," म्हणाली. साहेब ते पुस्तक तिच्यापाशीच ठेवून गेले, असं म्हणतात.

भिवराबाई खूप वर्षं जगली. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ती भिंतीला टेकून बसली होती आणि एक लहान पोर फळीवर वाचत होतं. गोष्ट संपली तसा बैल थांबला. पोरानं मावशी म्हणून हाक मारली, तर ती गेलेली होती. ती मधेच गेली होती, पण पोराची गोष्ट संपेपर्यंत बैलानं थांबायचं नाही असं ठरवलं होतं, असं जुनी माणसं सांगतात.

आता घाणा नाही. तेल पुडीतून येतं. पण करीच्या दिवशी तांबुळगावातली पोरं सकाळपासून पुस्तकं घेऊन बसतात. देवळाच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीवर, उभ्या ट्रॅक्टरवर. त्या दिवशी त्यांना कुणी दुकानात पिटाळत नाही आणि काय वाचतोस असं विचारत नाही. जो विचारेल त्यानं तिथंच बसायचं आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचायचं, असा दंडक आहे.

गेल्या वर्षी जिल्ह्याहून एक अधिकारी आले होते. त्यांना ठाऊक नव्हतं. स्टँडवर बसलेल्या एका पोरीला त्यांनी कौतुकानं विचारलं, "बाळ, यातून काय शिकलीस?" लोक हसले, सरपंचांनी दंडक सांगितला, साहेबही हसून पुस्तक घेऊन बसले. त्यांची परतीची चारची एसटी आली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. साहेबांनी मान वर न करता हातानंच त्याला जायला सांगितलं.