मातीचे कुत्रे

बाबिलोन नगरीत तान्ही बाळं नेणाऱ्या लमाश्तू राक्षसिणीला अडवायला मांत्रिक उंबऱ्याखाली मातीचे कुत्रे पुरत. राजमांत्रिकानं बाळंतीण निदिंतूच्या दारातही पाच पुरले. तरी आठव्या दिवशी तिचं बाळ गेलंच.

"माझ्या कुत्र्यांनी चिटपाखरूही आत सोडलेलं नाही," मांत्रिक तोऱ्यात म्हणाला. "खोट तुझ्या दुधातच!"

रडून रडून निदिंतूचा घसा बसला होता. "आठही दिवस बाहेरून तुम्ही एकटेच आत येत होता, महाराज. कुत्रे खरे असतील, तर लमाश्तू तुम्हीच. तुम्ही नसाल, तर कुत्रे खोटे. काय ते तुम्हीच सांगा."

मांत्रिकानं काढता पाय घेतला.

तिनं उंबरा उकरला आणि पाचही कुत्रे बाळाला पुरायच्या खड्ड्यात त्याच्याशेजारी ठेवले.

"तेवढंच त्याला खेळायला होतील," ती म्हणाली.