भोकरेसाहेबांचा अहवाल

बांधकाम खात्यातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या भोकरेसाहेबांनी मिरजेच्या डॉक्टर नसीमा मुजावर यांच्याकडून दोन इम्प्लांट बसवून घेतले. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू आणि वर नवे दात. रोज त्यांच्याभोवती बारीक ब्रश फिरवा, सहा महिन्यांनी दाखवायला या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साहेब नुसते हसले होते. टायटॅनियमला कुठे कीड लागते?

तीन वर्षांनी ते उगवले ते सुजलेली हिरडी आणि हलणारा दात घेऊन. एक्स-रे निघेपर्यंतही त्यांना दम नव्हता. भरल्या दवाखान्यात त्यांनी आवाज चढवला, "स्क्रू निकृष्ट आहे. मी तक्रार करणार. पस्तीस वर्षं पूल बांधलेत मी."

डॉक्टर एक्स-रे घेऊन बाहेर आल्या. स्क्रू जसाच्या तसा होता, भोवतालचं हाड झिजलं होतं.

"साहेब, एखादा पूल खचला तर अहवालात काय लिहायचात?"

साहेब खुलले. "पुलाचं काम भक्कम आहे, बाजूचा भराव वाहून गेला. देखभाल ग्रामपंचायतीकडे होती, ती झाली नाही. माझ्यावर एकदाही ठपका आला नाही."

डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून वाचून दाखवलं, "स्क्रूचं काम भक्कम आहे, बाजूचं हाड गेलं. देखभाल भोकरेसाहेबांकडे होती, ती झाली नाही." मग पेन पुढे केलं. "सही करा. मजकूर तुमचाच आहे."

साहेबांनी पेन घेतलं नाही, बारीक ब्रश मात्र मागून घेतला. बाकावर दाढ धरून बसलेल्या एका सरपंचांना ठणका विसरून हसू आलं.