हाडाच्या नटाचं कौतुक

फार वर्षांपूर्वी वसईकडच्या एका लग्नाच्या बँडमध्ये एक बेस गिटार होती. गिटारच्या तारा वरच्या टोकाला ज्या खाचांच्या तुकड्यावर टेकतात, त्याला नट म्हणतात. तिचा प्लास्टिकचा नट फुटला, म्हणून वादक इनासने हाडाचा बसवला. मोकळी तार छेडताच ती खणखणीत वाजली.

"आता या गिटारचा आवाज म्हणजे मीच," नट दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे पडद्यांना, म्हणाला.

"तार मोकळी असेल तेव्हा तूच," झिजलेला पहिला पडदा म्हणाला. "बोटाने दाबली की ती आमच्यावर टेकते."

"जळता तुम्ही माझ्यावर!"

नट बसवल्यानंतरच्या पहिल्याच लग्नात गायिकेने पेटीवरच्या काळी एक पट्टीचा सूर मागितला. त्या सुरातल्या गाण्यांना एकही तार मोकळी वाजवावी लागली नाही. जेवणं उरकेपर्यंत इनासची बोटं पडद्यांवरच फिरत होती. नट नुसता ताटकळत राहिला.

शेवटी बँडचे म्हातारे मास्तर जवळ आले. "इनास, आज बेस काय गोड वाजला रे! नवा नट ना? लगेच कळतं."

"हाडाचा आहे, मास्तर," इनास फुशारून म्हणाला.

पडदे काही बोलले नाहीत. बसवल्यापासून पहिल्यांदाच नटही काही बोलला नाही.