हिरवा दिवा लागला की माणूस खरा

हिरवा दिवा लागला की माणूस खरा, पुढे प्रश्न विचारायचा नाही. तांबुळवेढे गावच्या बस डेपोचा हा नियम होता, आणि त्याच डेपोत हरबा नावाचा एक भोळा कंडक्टर होता.

पूर्वी हरबा तिकिटं फाडायचा. मग नगरपालिकेने प्रवाशांना कार्डं वाटली आणि बसच्या दारात एक यंत्र बसवलं. कार्ड यंत्राजवळ नेलं की 'टीं' वाजायचं. सगळं ठीक असलं तर भाडं कापून हिरवा दिवा, कार्डात पैसे नसले तर लाल. हरबाच्या हातात उरली फक्त घंटीची दोरी. पण त्या दोरीवर त्याचा फार जीव. घंटी वाजवली की एवढी मोठी बस हलते, याचं त्याला रोज नव्याने कौतुक वाटायचं.

डेपो मॅनेजर कुलथेसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"हरबा, तुझ्या फार तक्रारी येतात. आता गोंधळ घातलास तर दोरी काढून घेईन आणि घरी बसवीन. काम सोपं आहे. एक हिरवा दिवा म्हणजे एक प्रवासी. कळलं?"

"कळलं, साहेब."

हरबा 'कळलं' म्हणाला की डेपोतले लोक देवाचं नाव घ्यायचे.

त्या दिवशी शेवंताबाई बाजाराला निघाल्या. कार्ड टेकवलं, पिशवीत टाकलं आणि गर्दीमुळे दारातच उभ्या राहिल्या. रस्त्यात खड्डे. बस उडाली की पिशवी यंत्राला घासायची. टीं, हिरवा दिवा. पुन्हा खड्डा, पुन्हा टीं.

हरबा आत धावला. "उठा हो पाव्हणं, इथे प्रवासी आलाय."

"कुठाय?"

"दिवा लागला ना? म्हणजे आलाय."

प्रत्येक 'टीं'ला हरबा एक बाक रिकामा करायचा. गणपतीच्या देवळापर्यंत सगळी माणसं उभी होती आणि सगळे बाक रिकामे होते. पुढच्या थांब्यावर लोकांनी हात केला, तर हरबा खिडकीतून ओरडला, "जागा नाही! बस भरली!" परतताना शेवंताबाईंनी कार्ड टेकवलं तर लाल दिवा. रिकाम्या बाकांचं सगळं भाडं त्यांनीच भरलं होतं. बाई तडक डेपोत आल्या आणि कुलथेसाहेबांच्या टेबलावर पिशवी आपटून बसल्या.

डेपोच्या कॉम्प्युटर खोलीत निशिगंधा नावाची मुलगी नुकतीच कामाला लागली होती. कॉलेज संपवून आलेली, जिभेला धार.

"साहेब, यंत्र पिशवीतूनसुद्धा कार्ड वाचतं," ती म्हणाली. "बाईंना विचारतही नाही. दोष हरबाकाकांचा नाही."

"यंत्र परदेशी आहे," कुलथे म्हणाले. "आणि तू काल आलीस." मग हरबाकडे वळले. "अरे शहाण्या, दिव्याबरोबर माणूसपण बघ! कार्डावर फोटो असतो. माणूस फोटोसारखा दिसला पाहिजे. कळलं?"

"कळलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये लग्नाचं वऱ्हाड चढलं. हसणं, खिदळणं, गजरे. हरबाने नवरदेवाच्या मामांचं कार्ड हातात घेतलं.

"मामा, फोटोत हसताय का?"

"नाही बा."

"मग इथं का हसता? फोटोसारखं दिसा."

मामांनी तोंड मिटलं. करवलीने मान वाकडी केली होती, हरबाने ती सरळ केली. "पुढे बघा. खांदे सरळ. डोळे मिटायचे नाहीत." एका काकूंना गुदगुल्या झाल्यासारखं होऊन हसू फुटलं, त्यांना त्याने पुढच्या थांब्यावर उतरवलं. बाकीचं वऱ्हाड ताठ मानेने, मख्ख चेहऱ्याने, समोर टक लावून कार्यालयापाशी पोचलं. दारात उभ्या असलेल्या मुलीकडच्यांनी ते चेहरे पाहिले. बँड थांबला. नवरीच्या आत्याने हंबरडा फोडला, "अगं बाई, कोण गेलं गं?"

संध्याकाळी कुलथेसाहेब लालबुंद. "प्रवाशांना छळतोस? प्रवासी म्हणजे देव! कुणाला अडवायचं नाही. मागेल ती मदत हसतमुखाने करायची. ही शेवटची संधी. कळलं?"

"कळलं, साहेब."

पुढच्या दिवशी काळा चष्मा घातलेला एक तरुण चढला. हातात आगपेटीएवढी डबी. तो गर्दीत शिरायचा, कुणाच्या खिशाजवळ डबी न्यायचा, कुणाच्या पर्सजवळ न्यायचा.

हरबा हसतमुखाने पुढे झाला. "काय मदत करू, देवा?"

तरुण दचकला. "अं... जरा वाट करून द्या, काका."

"वाट काय, मी सोबतच येतो. ओ मास्तर, डावा खिसा पुढे करा. वहिनी, पर्स इकडे आणा. भाऊंना सगळीकडे डबी लावायची आहे. मागच्या बाकावर राहिलं का हो कुणी?"

तरुण उतरताना हरबाने त्याला हात देऊन उतरवलं.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला लाल दिवा. प्रवासी घरी झोपले होते आणि त्यांच्या कार्डांवर भलतीच माणसं गावभर हिंडून आली होती. डेपोसमोर गर्दी जमली. निशिगंधा दोन कार्डं घेऊन केबिनमध्ये शिरली. हरबा कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

"साहेब, त्या डबीने कार्डं वाचली आणि कोऱ्या कार्डांवर उतरवली. आपल्या सगळ्या कार्डांचं कुलूप, म्हणजे आतला गुप्त आकडा, एकच आहे, कारखान्यातून आलं तसंच. कुणी बदललंच नाही. हे माझं कार्ड, आणि ही त्याची नक्कल. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात चहा निवायच्या आत करून मिळाली."

साहेबांच्या टेबलावर तपासणीसाठी एक यंत्र होतं, त्याला तिने नक्कल टेकवली. टीं. हिरवा दिवा.

"लागला की हिरवा," कुलथे म्हणाले. "म्हणजे खरंच आहे ते."

"साहेब, खोटं आहे! मीच केलंय!"

"हिरवा दिवा लागला की..."

"प्रश्न विचारायचा नाही. पाठ झालंय मला. पण का नाही विचारायचा?"

"वय काय गं तुझं?"

"कुलूप तपासायला वय लागतं?"

"बाहेर हो," कुलथे म्हणाले. मग हरबाकडे वळले. "उद्या कार्ड योजनेचा वाढदिवस. नगराध्यक्ष थिटेसाहेब स्वतः बसने फिरणार आहेत, वार्ताहर येणार आहेत. हे साहेबांचं मानाचं कार्ड. याला कधीच लाल दिवा लागत नाही, वर यंत्र बोलून स्वागतही करतं. उद्या फुलांच्या तबकातून त्यांना द्यायचं. आणि ऐक, उद्या एकाही प्रवाशाला लाल दिवा दिसता कामा नये. अध्यक्ष बसले की दोन घंट्या मारायच्या आणि बस सोडायची. चुकलास तर दोरी गेली. कळलं?"

"कळलं, साहेब."

हरबा कार्ड घेऊन बाहेर पडला आणि बराच वेळ विचार करत राहिला. गावभर सगळ्यांची कार्डं लाल. उद्या लाल दिसता कामा नये. कधीच लाल न होणारं कार्ड एकच. मग त्याचा चेहरा उजळला आणि तो थेट मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला.

सकाळी मांडव सजला. सनई लागली. बसला झेंडूची तोरणं. थिटेसाहेबांना यायला जरा उशीर होता, म्हणून हरबाने प्रवासी घ्यायला सुरुवात केली. चढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो एकेक कार्ड ठेवायचा. "हे टेकवा."

शेवंताबाईंनी टेकवलं. टीं. हिरवा दिवा. आणि यंत्र गोड आवाजात बोललं, "या, माननीय अध्यक्षसाहेब!"

शेवंताबाई पदर सावरून ऐटीत बसल्या. मागून मास्तर आले. "या, माननीय अध्यक्षसाहेब!" नवरदेवाचे मामा, भाजीवाला, पिंपळाखालचा न्हावी. यंत्र न थकता प्रत्येकाला या म्हणत होतं. वार्ताहरांचे कॅमेरे चमकू लागले.

तेवढ्यात थिटेसाहेबांची गाडी आली. फेटा बांधलेले थिटेसाहेब पायरीवर पाय ठेवतात तो हरबा आडवा झाला.

"साहेब, जागा नाही."

"अरे, मी अध्यक्ष आहे!"

"आत सगळे अध्यक्षच आहेत," हरबा नम्रपणे म्हणाला.

"खरा अध्यक्ष मी आहे!"

"आमचापण हिरवा लागलाय!" शेवंताबाई खिडकीतून ओरडल्या.

थिटेसाहेबांनी कुलथेसाहेबांकडे पाहिलं. कुलथेसाहेबांनी निशिगंधाकडे पाहिलं.

"तू कॉम्प्युटरवाली ना," थिटे खेकसले. "या वार्ताहरांना सांग, यंत्र चोख आहे. सगळी चूक या येड्याची आहे. याला आजच घरी बसवतो."

"नाही सांगणार," निशिगंधा म्हणाली.

"काय?"

"नाही सांगणार. यंत्राला खरा माणूस नि खोटा माणूस ओळखता येत नाही. हे मी काल दाखवलं, तर मला वय विचारलं. काकांची चूक एवढीच की तुम्ही सांगितलेला शब्द न् शब्द त्यांनी पाळला. त्यांना घरी बसवणार असाल, तर हिरव्या दिव्याचा नियम कुणी केला हे मी आत्ता या माईकवर सांगते. बोला, सांगू?"

वार्ताहरांनी माईक पुढे केले. थिटेसाहेबांनी फेटा नीट केला. कुलथेसाहेब तोरणातली फुलं बघू लागले. सनईवालासुद्धा थांबला.

हरबाने या साहेबांकडे पाहिलं, त्या साहेबांकडे पाहिलं. कुणीच काही नवीन सांगत नाही म्हटल्यावर कालचाच हुकूम चालू असणार. त्याने आत वळून पाहिलं. प्रत्येक बाकावर अध्यक्ष बसले होते.

त्याने दोरी ओढली. टण् टण्.

बस सुटली. धुरळ्यात मागे उभ्या असलेल्या थिटेसाहेबांना हरबाने दारातून हात हलवला आणि हसतमुखाने ओरडून सांगितलं,

"काळजी करू नका, साहेब! अध्यक्ष बसले!"