डोलकाठीचं आढं

डोक्यावरची टोपी राहू द्या आणि आत आल्यावर आधी वर बघा. कोकणात घराचं आढं चौकोनी तासलेलं असतं. आमचं हे गोल आहे, आणि त्यावर दोर घासून पडलेल्या खाचा आहेत. ही गलबताची डोलकाठी. नांदरशेतच्या या प्रार्थनालयाला, जुनी माणसं याला मशीदच म्हणतात, डोलकाठीचं आढं कसं आलं त्याची गोष्ट माझे आजोबा सांगत. त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितली.

त्या काळी इथे आम्हा बेने इस्राएल यहुद्यांची मोजकी घरं होती. सगळे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी बैल सोडून ठेवीत, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. प्रार्थना कोणाच्या तरी ओटीवर होई. आपली मशीद व्हावी म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेऊन सागाची लाकडं जमवली होती. ती खाडीच्या तोंडाशी एका मांडवात रचून ठेवली होती, आणि मांडवाशेजारीच रिबकाबाय राहायची. बाई विधवा होती, स्वतः घाणा हाकायची. लाकडांची राखण तिच्याकडे होती.

आश्विनातल्या एका शुक्रवारी तुफान उठलं. शब्बाथचा दिवा लावून रिबकाबाय दारात आली, तर काळोखात माणसांच्या हाका ऐकू आल्या. एक गलबत खडकांकडे ओढलं जात होतं. खाडीचं तोंड कुठे आहे, हे त्यांना दिसत नव्हतं. शुक्रवारी सूर्य मावळून शब्बाथ लागला की शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती क्षणभर उभी राहिली म्हणे. मग घरातलं होतं नव्हतं ते तेल तिने सागाच्या लाकडांवर ओतलं आणि दिव्याची ज्योत त्यांना लावली.

तो जाळ बघून तांडेलाने सुकाणू फिरवलं. गलबत खाडीत शिरून रेतीवर चढलं. तळ फुटला, पण माणूस एकही गेला नाही.

गलबत कोचीच्या नेहेम्या नावाच्या व्यापाऱ्याचं होतं. बरोबर त्याची बायको सिम्हा होती आणि बगदादकडचे हसकेल नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. तिघेही यहुदीच. पण हे कळल्यावर आनंद व्हायचा, तर उलटंच झालं. इथल्या लोकांना ‘शमा’ सोडून दुसरी प्रार्थना येत नाही, बायका लुगडी नेसतात, हे बघून हसकेल संशयात पडले. ते वेगळ्या भांड्यात, वेगळे जेवू लागले. इकडे लोक कुजबुजले, “आमची मशीद जाळून ज्यांना वाचवलं, ते आम्हालाच परके समजतात.”

शनिवारी रात्री शब्बाथ सरला तशी मंडळी काजींच्या, म्हणजे आमच्यातल्या धर्माचं बघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या, ओटीवर जमली. दाउदजी काजी सरळ माणूस होता. त्यालाही वाईट वाटत होतं, पण तो म्हणाला, “रिबकाबाय, लाकडांचं सोड. शब्बाथ मोडलास. प्रायश्चित्त होईपर्यंत तुला प्रार्थनेत बसता येणार नाही.”

रिबकाबाय म्हणाली, “काजीबाबा, बसणार नाही. पण उद्या पुन्हा हाका ऐकू आल्या, तर पुन्हा पेटवीन.”

नेहेम्याला बंदरातल्या व्यवहारापुरती मराठी येत होती. काय चाललंय ते त्याने हसकेलना सांगितलं. म्हातारा काठी टेकत उठला. तो बोलला, नेहेम्याने अर्थ सांगितला: “जीव वाचवायला शब्बाथ मोडला तर तो मोडत नाही. शास्त्र तसंच सांगतं. या बाईला ते कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिने ते पाळलं. हे लोक आपले आहेत का, असं मी कालपासून मनात विचारत होतो. त्यांनी मला क्षमा करावी.”

काजींचे डोळे भरून आले. त्यांनी हसकेलना हात धरून आपल्या थाळ्यावर जेवायला बसवलं.

गलबत दुरुस्त होण्यासारखं होतं. पण नेहेम्याने तांडेलाला सांगितलं, “डोलकाठी उतरव. यांच्या छपराला आढं पाहिजे.”

तांडेल म्हणाला, “शेठ, मग घरी कसे जाणार?”

“जाऊ कोणाच्या तरी गलबतातून. घरी जायला माणूस उरला, ते यांच्यामुळेच.”

फळ्या, वासे, सगळं गलबताचंच वापरलं. छप्पर चढेपर्यंत पाहुणे राहिले. हसकेल पोरांना अक्षरं शिकवीत, सिम्हा रिबकाबायच्या घरी राही.

पहिल्या शुक्रवारी, सूर्य मावळण्याआधी, काजींनी रिबकाबायला दिवा लावायला बोलावलं. तेवढा मान तिचाच होता. ती उठली. सिम्हा दाराशीच घुटमळत होती, कुठे बसावं ते तिला कळेना. रिबकाबायने तिला हाताला धरून या आढ्याखाली आणलं आणि काकडा तिच्या हातात दिला. “मी एकदा लावलाय, बाय,” ती म्हणाली. “आता तू लाव. घर तुझंपण आहे.”

आता गावात आमची दोनच घरं उरली. पण आजही इथे शुक्रवारचा दिवा घरचं माणूस लावत नाही. जो सगळ्यात नवा आला असेल, तो लावतो. तुमच्यात कोणी ठाण्याचे, कोणी कोचीचे, ही मुलगी तर इस्राएलहून कालच उतरली म्हणते. ये बाळ, पुढे ये. उन्हं कलली. काडेपेटी त्या कोनाड्यात आहे.